गाणं घरात आलं तेव्हा

आज मोबाईलवर बोट ठेवलं की गाणं लागतं. सव्वाशे वर्षांपूर्वी नामांकित गाणं ऐकायचं तर मैफलीला जावं लागे, आणि तिथं घरंदाज बाईनं जायचं नाही, अशी रीत होती. गाणाऱ्या बाईलाही लोक नावं ठेवत.

नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर उतरलं. तबकडीत जेमतेम तीन मिनिटं मावत. गाणं संपताच त्या स्वतःचं नाव मोठ्यानं सांगत. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत; आवाज कुणाचा हे तिथल्या कारागिरांना कळायला हवं ना!

पुढं चावीचा ग्रामोफोन घरांत आला. आपल्याकडे हिराबाई बडोदेकरांच्या तबकड्या घराघरांत वाजू लागल्या. मैफलीची वाट बंद असलेल्या बायकांना घरबसल्या गाणं ऐकता आलं.

आपल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या मात्र बहुतेक त्यांच्याबरोबरच गेल्या. तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत एका आजीची ओवी मोबाईलमध्ये भरून घ्या. आणि शेवटी तिला तिचं नाव-गाव सांगायला लावा. आवाज राहील, तसं नावही राहू दे.