कितलं उनं? उत्तर जुळणं आणि प्रत्यय येणं

मार्च महिना, दहावीच्या बोर्डाची परीक्षा, गणित भाग १ चा पेपर. 40 गुण, दोन तास. पेपर सुटला की नरडाण्यात काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, कारण तुमच्याही गावात तेच झालं असणार. एस.टी.ची वाट बघत उभ्या पोरांच्या हातात प्रश्नपत्रिका असतात, समासात पेन्सिलीने उत्तरं लिहिलेली असतात. "कितलं उनं?" असा अहिराणीत प्रश्न येतो. "मनं बी तितलंच." दोघांचे चेहरे एकदम मोकळे होतात. तिसऱ्याचं वेगळं आलेलं असतं, तो गप्प होतो. चौथ्याचंही पहिल्या दोघांसारखंच निघालं, की तिसऱ्याचं चुकलंच असं ठरून जातं.

तुम्ही आता नेट, सेट किंवा विद्यापीठाच्या पेटची तयारी करताय, म्हणजे हा खेळ तुमचा अजून सुटलेला नाही. फक्त एस.टी. स्टँडऐवजी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आलाय. म्हणून आज एक साधा प्रश्न इतिहासाच्या मदतीने सोडवू: दोघांचं उत्तर जुळलं, यावरून नेमकं काय सिद्ध होतं?

ताळा आणि प्रत्यय

मराठीत यासाठी जुना शब्द आहे, ताळा. भागाकार केला की भागाकाराला भाजकाने गुणायचं, बाकी मिळवायची आणि भाज्य परत येतं का बघायचं. ताळेबंद, ताळमेळ हे शब्द याच घरातले. यात एक गोष्ट लक्षात घ्या: ताळा शेजाऱ्याच्या वहीशी करत नाहीत. तो मूळ उदाहरणाशीच करतात.

याहून जुना पुरावा बख्शाली हस्तलिखितात आहे. 1881 मध्ये पेशावरजवळच्या बख्शाली गावात सापडलेली ही भूर्जपत्रं. त्यात गणित मांडायची एक ठरलेली पद्धत दिसते: आधी सूत्र, मग उदाहरण, मग मांडणी, मग करण म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड, आणि शेवटी 'प्रत्यय'. आलेलं उत्तर मूळ अटीत घालून बघणं म्हणजे प्रत्यय. आपण रोजच्या बोलण्यात "मला त्याचा प्रत्यय आला" म्हणतो, तोच हा शब्द.

फरक उदाहरणातच बघू. समजा √(x + 6) = x हे समीकरण आहे. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की x² − x − 6 = 0 मिळतं. उत्तरं 3 आणि −2. तुमच्या मित्राचंही 3 आणि −2. जुळलं! आता −2 मूळ समीकरणात घाला. डावीकडे √4, म्हणजे 2, उजवीकडे −2. प्रत्यय येत नाही, म्हणजे −2 हे उत्तरच नाही. दोघांनी स्वतंत्र बसून, कॉपी न करता, एकच चूक केली, कारण दोघांची रीत एक होती.

जुळण्याची किंमत किती?

तरीही जुळण्याला काहीच अर्थ नाही, असं नाही. साधा हिशेब करा. चार पर्यायांचा प्रश्न आहे, दोघेही शंभरात 80 वेळा बरोबर असतात आणि चुकले तर तीन चुकीच्या पर्यायांपैकी कुठलाही सारख्याच शक्यतेने निवडतात. दोघे पूर्णपणे स्वतंत्र असतील, तर 100 पैकी 64 वेळा दोघेही बरोबर येतील आणि एकच चुकीचा पर्याय दोघांनी निवडणं जेमतेम 1.3 वेळा घडेल. म्हणजे उत्तर जुळलं तर ते बरोबर असण्याची शक्यता सुमारे 98 टक्के. पण एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलं असेल तर? उत्तरं 100 पैकी 100 वेळा जुळतील आणि बरोबर मात्र 80 वेळाच असतील. जुळणी वाढली, खात्री वाढली नाही.

म्हणजे जुळण्याची सगळी किंमत स्वतंत्रपणात आहे. हे कळायला आपल्याकडे किती किंमत मोजावी लागली, ते आता बघू.

आपल्याकडची गोष्ट: पंचांग

सुरुवात खानदेशातूनच करू. नरडाण्याहून धुळे ओलांडून चाळीसगावकडे गेलात की जवळच पाटण आहे, पाटणादेवीचं. तिथल्या शिलालेखात 1207 च्या सुमाराला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद आहे. मठाचा हेतू काय, तर आजोबांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि त्यांच्या घराण्यातले इतर ग्रंथ शिकवणं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 मध्ये हा लेख अभ्यासकांपुढे आणला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्याच भागात गणित-ज्योतिषाची शिकवणी चालत होती.

पुढे कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ आले. त्यांनी 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका 1545 मध्ये लिहिली, पण त्यांचं नाव घरोघरी पोचलं ते त्याआधीच्या 'ग्रहलाघव'मुळे (शके 1442, म्हणजे 1520). ग्रहांचं गणित त्यांनी इतकं सोपं केलं की ज्या-चाप म्हणजे आजच्या भाषेत साइनची कोष्टकं लागेनात. आणि महत्त्वाचं म्हणजे, जुन्या सिद्धांतांपैकी कोणत्या ग्रहासाठी कोणता सिद्धांत आकाशाशी जुळतो हे पाहून त्यांनी निवड केली. त्यांचे वडील केशव दैवज्ञ हेही स्वतः वेध घेणारे होते. याला आपल्याकडे नाव आहे, दृक्प्रत्यय. गणिताने आलेलं डोळ्यांनी दिसतं का, ते बघायचं.

मग तीन शतकं काय झालं? पंचांगकर्त्यांनी 'ग्रहलाघव' हाती घेतलं आणि त्यावरून पंचांगं करत राहिले. पुण्याचं पंचांग आणि दुसऱ्या गावचं पंचांग ताडून पाहिलं तर जुळायचं. जुळणारच, दोन्हींची आई एक! पण आकाश दूर जात होतं. 'ग्रहलाघवा'त सूर्य सूर्यसिद्धांतावरून घेतला आहे. त्या सिद्धांताचं वर्ष 365 दिवस 6 तास 12 मिनिटं 37 सेकंदांच्या जवळपास. आजच्या मापाने नाक्षत्र वर्ष 365 दिवस 6 तास 9 मिनिटं 10 सेकंद. फरक वर्षाला साडेतीन मिनिटांहूनही कमी. 1520 ते 1860 या 340 वर्षांचा गुणाकार करा: सुमारे साडेएकोणीस तास. इतकुशी चूक, पण साचत गेलेली. आणि पंचांगाशी पंचांग ताडून ती कधीच सापडणार नव्हती.

ती सापडते आकाशाकडे पाहिल्यावर. टिळकांचे गुरू केरूनाना छत्रे (1825–1884) यांनी युरोपीय वेधांवर आधारलेली 'ग्रहसाधनाची कोष्टके' 1860 मध्ये मराठीत आणली, आणि त्याच दशकात आबासाहेब पटवर्धनांच्या आधाराने नवं पंचांग निघालं, पटवर्धनी पंचांग. तुम्हाला वाटेल, लोकांनी लगेच उचललं असेल. नाही. बहुतेकांनी जुनंच चालू ठेवलं. सण, व्रतं, तिथी सगळ्यांबरोबर करायच्या असतात. एकट्याचं बरोबर असून काय करायचं? एस.टी. स्टँडवरचा तो गप्प झालेला तिसरा मुलगा आठवा.

मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हे: गणेश दैवज्ञांकडून उचलायला हवी होती ती तपासायची सवय. उचलली गेली फक्त आकडेमोड.

आणि बाहेरच्या जगात

हे फक्त आपलंच आहे असं समजू नका. इंग्लंडात नेव्हिल मॅस्केलिन याने 1767 पासूनचं नाविक पंचांग सुरू केलं, जहाजांना समुद्रात रेखांश काढता यावा म्हणून. पद्धत चोख होती: दोन गणकांनी घरी बसून वेगवेगळं गणित करायचं, तिसऱ्याने ताडून बघायचं. थोड्याच वर्षांत जोसेफ कीच आणि रूबेन रॉबिन्स हे दोन गणक एकमेकांचं उतरवतात हे उघडकीस आलं. दोघांनाही काढलं. शाळेत मार्क जातात. इथे आकडा चुकला तर जहाज खडकावर जाणार होतं.

1827 मध्ये चार्ल्स बॅबेजने याच्या उलट युक्ती वापरली. लॉगॅरिथमच्या कोष्टकांत त्याने चुका जुळवून पाहिल्या. व्लाकच्या 1628 च्या कोष्टकातल्या त्याच सहा चुका चीनमध्ये छापलेल्या कोष्टकातही निघाल्या. बरोबर उत्तर दोघांना स्वतंत्रपणे येऊ शकतं. पण त्याच सहा जागी त्याच सहा चुका आल्या, तर मूळ एकच. पर्यवेक्षक सर दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवून हेच तर शोधतात!

तुमच्यासाठी

संशोधनात आलात की "माझा निकाल अमक्याच्या पेपरशी जुळतो" हे वाक्य तुम्ही शंभरदा लिहाल. लिहिण्याआधी विचारा: त्याचा आणि माझा डेटा एकच आहे का? कोड एकाच सीनियरकडून आलाय का? स्थिरांक एकाच जुन्या कोष्टकातून उचललेत का? उत्तर 'हो' असेल तर तुम्ही पंचांगाशी पंचांग ताडताय. लॅबमधल्या मित्राला तपासायला द्यायचं असेल, तर त्याला तुमचं उत्तर आधी सांगू नका. कच्चा डेटा द्या, आणि त्याची रीत त्याला निवडू द्या.

आणि परीक्षेची तात्पुरती उत्तरसूची आली की ग्रुपवर मतदान घेऊ नका. "आमच्या चाळीस जणांचं 'ब' आलंय" हा आक्षेप होत नाही. मूळ प्रश्नाच्या अटीत 'ब' घालून दाखवा, पुस्तकाचं पान जोडा. कधी कधी त्या चाळीस जणांचा क्लासही एकच असतो, आणि नोट्सही.