एक अक्षर आणि एका वसाहतकाराचें मूळ गांव

ह्या महोत्सवाच्या निमित्तानें आमच्या मंदिरांतील स्नानसंस्काराच्या जुन्या वह्या कपाटांतून बाहेर निघाल्या. आणि त्या चाळतां चाळतां, 'ह्या रुक्ष ओळींत इतिहास तो कोठें आहे?' असा प्रश्न आमच्याच मंडळींपैकीं कित्येकांनीं केला. त्यास उत्तर म्हणून इंग्लंडांतील एका खेड्याच्या नोंदवहीची हकीकत आम्ही येथें सादर करितों.

सन १६२० त 'मेफ्लॉवर' जहाजांतून अमेरिकेस गेलेल्या इंग्रज वसाहतकारांत विल्यम ब्रॅडफर्ड हा प्रमुख पुरुष होय. पुढच्याच वर्षीं तो प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर निवडला गेला, आणि १६५७ त तो वारला तोंवर बहुतेक काळ तेंच पद त्याजकडे राहिलें. असा हा नामांकित पुरुष. परंतु तो मूळचा कोणत्या गांवचा, हें पुढें कित्येक पिढ्या कोणासही नीट सांगतां येईना. कॉटन मॅथर नांवाच्या बोस्टनच्या धर्मोपदेशकाचा मोठा ग्रंथ १७०२ त प्रसिद्ध झाला. त्यांत ब्रॅडफर्ड हा १५८८ त 'ॲन्स्टरफील्ड' नामक अप्रसिद्ध खेड्यांत जन्मला असें छापलें आहे. आतां ह्या नांवाचें गांव इंग्लंडांत नाहींच! शोधणारांनीं शोधावें तरी कोठें?

हा गुंता जोसेफ हंटर ह्या शोधकानें सोडविला. हंटर हा यॉर्कशायरकडचा, त्या प्रांताचा इतिहास लिहिलेला, आणि लंडनच्या सरकारी दप्तरखान्यांत काम करणारा गृहस्थ. इंग्रजी लिखाणांत 'यू' आणि 'एन्' हीं अक्षरें उलटसुलट एकसारखींच दिसतात, हें जुनीं दप्तरें वाचणारास सांगावयास नको. 'ॲन्स्टरफील्ड' हें वस्तुतः 'ऑस्टरफील्ड' असावें, हें त्यानें ताडलें. परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा मिळाला तो तेथील संत हेलेना मंदिराच्या नोंदवहींत. १५८९ सालच्या मार्च महिन्याच्या १९ तारखेस विल्यम ब्रॅडफर्डचा पुत्र विल्यम ह्याचा स्नानसंस्कार झाल्याची ओळ तेथें होती. बापाचें दफन १५९१ त झालें. ब्रॅडफर्ड बाळपणींच पोरका होऊन चुलत्यांकडे वाढला, ह्या कथेशीं हें जुळलें. आणि ज्या स्क्रूबी गांवीं त्याचे धर्मबंधु गुप्तपणें जमत, तें तेथून हाकेच्या अंतरावर नसलें तरी सहज पायीं जाण्याजोगें आहे. गांव, कुटुंब आणि काळ ह्या तिहींची साक्ष एक झाली, तेव्हां हंटरनें १८४९ त आपला शोध प्रसिद्ध केला. नुसत्या नामसादृश्यावर मोठ्या घराण्याशीं नातें जोडणाऱ्या हौशी वंशावळकारांनीं हा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

तारखेचाही उलगडा केला पाहिजे. त्या काळीं इंग्लंडांत नवें वर्ष १ जानेवारीस नव्हे, तर पवित्र मरियेस देवदूतानें शुभवर्तमान सांगितलें त्या सणास, म्हणजे २५ मार्चला लागे. ही रीत तेथें १७५२ त बदलली. ह्यास्तव वहींतलें १५८९ तें आमच्या गणनेनें १५९०. अवघे सहा दिवस उशीर होता, तर लेखकानें नवाच आंकडा घातला असता! मॅथरचें १५८८ हें सालही अशा रीतीनें निकालांत निघालें.

ह्या नोंदी इंग्लंडांत सुरू झाल्या त्या १५३८ च्या आज्ञेनें. आठवी हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल ह्यानें प्रत्येक धर्मग्रामांत वही ठेवावी, ती दोन कुलुपांच्या पेटींत असावी, आणि दर आदितवारीं ती भरावी असें ठरविलें. हा नव्या कराचा डाव असावा, अशी लोकांस धास्ती पडली! आपल्या पवित्र सभेंत ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६३ त विवाहांची वही ठेवण्याचा नियम सर्वत्र लागू केला. इंग्लंडांत पुढें १५९८ च्या नियमानें कागदी नोंदी चर्मपत्रावर उतरविल्या गेल्या. पण बहुत ठिकाणीं १५५८ च्या मागें कोणी गेलेंच नाहीं, आणि तत्पूर्वीचीं वीस वर्षें गेलीं तीं गेलींच.

ऑस्टरफील्डचें तें चिमुकलें मंदिर नॉर्मन काळचें. दारावर दगडांत कोरलेला अजगरासारखा प्राणी आहे. ह्याच गांवीं ८ व्या शतकाच्या आरंभीं भरलेल्या धर्मसभेंत संत विल्फ्रिड ह्यांजवर ठपका आला, व त्यांनीं रोमकडे दाद मागितली. ज्या पंथानें पुढें बिशपांची सत्ता झुगारून देश सोडला, त्याच्या पुढाऱ्याचें मूळ बिशपांच्याच मंदिरांतल्या वहीनें सिद्ध करावें, ह्यांत आम्हांस तरी मौज वाटते.

आमच्या धर्माच्या इंग्रज वसाहतकारांचा माग मात्र ह्याहून बिकट. छळाच्या दिवसांत त्यांच्या मुलांस लपून राहिलेले धर्मगुरु घरांतच स्नानसंस्कार देत. त्याची नोंद सरकारमान्य मंदिरांत कशी व्हावी? २५ मार्च १६३४ रोजीं मेरीलंडच्या किनाऱ्यावर येशूसंघीय फादर अँड्र्यू व्हाइट ह्यांनीं मिस्सा अर्पण केला, तेव्हां जमलेल्यांपैकीं कित्येकांची वंशकथा वहींत नव्हे, तर राजमान्य उपासनेस न गेल्याबद्दल झालेल्या दंडाच्या यादींत हुडकावी लागते. छळणारांच्या लेखणीनेंच ती राखली. आणि आपल्या ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर टॉमस स्टीफन्स, इंग्रजच ते, १५७९ त गोव्यास उतरले. त्यांचें घर कोणतें, हें मुख्यतः त्यांनीं त्याच सालीं गोव्याहून लंडनच्या आपल्या व्यापारी पित्यास धाडलेल्या पत्रावरून कळतें.