साहाय्यक ट्रान्समिशन ऑइल कूलर

साहाय्यक ट्रान्समिशन ऑइल कूलर (साहाय्यक तैलशीतक) हे वाहनाच्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेल थंड करण्यासाठी मूळ व्यवस्थेखेरीज बसविले जाणारे उपकरण होय. खडकाळ, वालुकामय वा चिखलाच्या भूमीवर चालणारी वाहने, तसेच जड ओझे ओढणारी वाहने यांत ते प्रामुख्याने वापरतात. तेल अतितप्त झाल्यास गिअरबॉक्स निकामी होऊ शकतो आणि त्याची दुरुस्ती खर्चिक असते. म्हणून या उपकरणाचे महत्त्व आहे.

== पार्श्वभूमी ==
स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमार्फत, म्हणजे तेलाच्या प्रवाहातून, पुढे जाते. या तत्त्वावरील यंत्राचे एकस्व जर्मन अभियंता हेरमान फोटिंगर यांनी १९०५ मध्ये घेतले. जीपसदृश वाहनांपैकी नाशिक येथे तयार होणाऱ्या महिंद्रा थारच्या २०२० च्या आवृत्तीत टॉर्क कन्व्हर्टर असलेला सहा गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स उपलब्ध झाला.

== तेल तापण्याची कारणे ==
टॉर्क कन्व्हर्टरच्या इंजिनाकडील व गिअरबॉक्सकडील चक्रांच्या वेगात फरक असतो, तेव्हा तेल घुसळले जाऊन उष्णता निर्माण होते. सरळ रस्त्यावर ठरावीक वेगानंतर दोन्ही चक्रे यांत्रिक कुलपाने एकत्र बांधली जातात व उष्णता घटते. चिखलात, नदीपात्रात किंवा चढावर वाहन मंद गतीने जाते. तेथे हे कुलूप लागत नाही. त्यातच वेग कमी असल्याने समोरून येणारा वाराही अपुरा पडतो.

तेलाचे तापमान सर्वसाधारणपणे ८० ते ९५ अंश सेल्सिअस असणे योग्य मानतात. सुमारे १२० अंशांपुढे तेलाचे विघटन होऊन राळेसारखा थर साचू लागतो. त्याहून अधिक तापमानात रबरी सील कडक होतात व क्लचच्या चकत्या घसरू लागतात. योग्य मर्यादेपुढे प्रत्येक १० ते ११ अंशांच्या वाढीस तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा ठोकताळा प्रचलित आहे.

== परभणी जिल्ह्यातील परिस्थिती ==
परभणी जिल्ह्यात मे महिन्यात कमाल तापमान अनेकदा ४२ अंशांपुढे जाते. शीतकाची क्षमता तेल व हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. तेल ११० अंश आणि हवा २५ अंश असताना हा फरक ८५ अंश असतो; हवा ४३ अंश असल्यास तो ६७ अंशांवर येतो. म्हणजे तोच शीतक सुमारे एकपंचमांश कमी उष्णता बाहेर टाकतो.

पावसाळ्यात येथील काळी चिकण माती चाकांना चिकटून वाहनावरील भार वाढविते. जिंतूर तालुक्याच्या डोंगराळ भागात चढउतार आहेत. शेततळी व बांधबंदिस्तीच्या कामांवर चालणाऱ्या, ‘जेसीबी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रांतही टॉर्क कन्व्हर्टर असतो व त्यांना तेलशीतक मुळातच जोडलेला असतो. धूळ, कापसाचे तंतू व सोयाबीनचा भुस्सा शीतकाच्या जाळीत अडकून हवा कोंडते. त्यामुळे या भागात जाळीची स्वच्छता विशेष आवश्यक ठरते.

== प्रकार ==
* '''नळी व पत्री शीतक''' – वळणदार नळीवर पातळ पत्र्या. स्वस्त, परंतु कार्यक्षमता कमी.
* '''थरांचा शीतक''' – चपट्या पोकळ थरांची रचना. त्याच आकारात अधिक कार्यक्षम.
* '''पंखायुक्त शीतक''' – स्वतंत्र विद्युत पंखा व तापमानानुसार चालणारा स्विच. मंद गतीच्या वाहनास उपयुक्त.

== बसविण्याची पद्धत ==
# '''जागा''' – शीतक सामान्यतः रेडिएटर व वातानुकूलन यंत्रणेच्या कंडेन्सरसमोर, थोडे अंतर राखून बसवितात. पंखायुक्त शीतक अन्यत्र बसविता येतो. मात्र ती जागा दगड, चिखल व धुराच्या नळीची उष्णता यांपासून सुरक्षित असावी लागते.
# '''आधार''' – शीतक लोखंडी पट्ट्यांनी वाहनाच्या सांगाड्याला जोडतात. रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकचे बंध ओवून तो बांधल्यास सततच्या कंपनाने जाळी घासून गळती लागण्याचा धोका असतो.
# '''जोडणीचा क्रम''' – गरम तेल आधी रेडिएटरमधील मूळ शीतकातून, मग साहाय्यक शीतकातून आणि तेथून गिअरबॉक्सकडे परत नेतात. या क्रमाने थंडीत रेडिएटरच्या उष्णतेमुळे तेल योग्य तापमानास येण्यास मदत होते. तेल गरजेपेक्षा थंड होऊ नये म्हणून काही संचांत तापमाननियंत्रित बगल झडप असते.
# '''नळ्या''' – तेलाचे तापमान व दाब सोसणारीच रबरी नळी वापरतात. साधी पाण्याची किंवा इंधनाची नळी चालत नाही. नळी तीक्ष्ण कडांना व फिरत्या भागांना लागू नये. शीतकाची तोंडे वर किंवा बाजूस ठेवल्यास आत अडकलेली हवा सहज निघते.
# '''तपासणी''' – शीतक व नळ्या भरल्यामुळे तेलाची पातळी उतरते. उत्पादकाने सांगितलेल्या जातीचे तेल घालून, त्याच्याच सूचनेनुसार पातळी पाहतात. वाहन थोडे चालवून प्रत्येक जोड पुन्हा तपासतात.

== देखभाल व मर्यादा ==
जाळी आतल्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने किंवा हवेने धुतात; जास्त दाबाने पातळ पत्र्या वाकतात. रेडिएटरमधील मूळ शीतक आतून फुटल्यास पाणी व तेल मिसळून तेल दुधाळ गुलाबी दिसते. अशा वेळी वाहन चालविणे थांबवावे लागते. साहाय्यक शीतक हा दोष टाळत नाही.

रेडिएटरसमोरील शीतक हवेस अडथळा करतो व आपली उष्णता मागे सोडतो. त्यामुळे गरजेपेक्षा मोठा शीतक लाभदायक ठरतोच असे नाही. खडतर मार्गावर फोर-व्हील ड्राइव्हचा लो गिअर वापरणे हा तेल कमी तापविण्याचा पहिला उपाय होय. तेल तापल्याची सूचना मिळाल्यास वाहन थांबवून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू ठेवतात. इंजिन बंद केल्यास तेलाचे अभिसरण थांबते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर निर्बंध आहेत. तसेच बाहेरून बसविलेल्या भागांमुळे उत्पादकाच्या हमीवर परिणाम होऊ शकतो.

== हेही पहा ==
* रेडिएटर
* स्वयंचलित गिअरबॉक्स
* परभणी जिल्हा