चार गॅलनची मर्यादा



पेट्रोल महागलं किंवा मिळेनासं झालं की घराघरांत तीच वाक्यं ऐकू येतात: गाडी कमी काढा, दोन कामं एका फेरीत उरका. सांगायला सोपं आहे. पण अख्ख्या देशाला गाडी कमी चालवायला लावायचं तर काय करावं लागतं, हे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेकडे पाहून कळतं. तो इतिहास मला आपल्या दिग्व्रत-देशव्रताच्या फार जवळचा वाटतो, म्हणून आज तो सांगते.

गंमत म्हणजे त्या देशात खरी वानवा पेट्रोलपेक्षा रबराची होती. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि पुढच्या काही महिन्यांत मलाया व डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचं इंडोनेशिया, ताब्यात घेतलं. अमेरिकेचं सुमारे ९० टक्के रबर तिकडून यायचं. जानेवारी १९४२ मध्ये टायरवर रेशन आलं. फेब्रुवारीत खासगी मोटारी बनवणंच थांबलं.

पूर्व किनाऱ्याची अडचण आणखी वेगळी. तिथे तेल टँकर जहाजांनी यायचं आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजं बुडवत होत्या. म्हणून मे १९४२ मध्ये पूर्वेकडच्या १७ राज्यांत पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. तेलविहिरी असलेल्या राज्यांतले लोक म्हणत, आमच्याकडे तेल भरपूर आहे, आम्ही का थांबायचं? त्याचं उत्तर बर्नार्ड बारूक यांच्या समितीने सप्टेंबरमध्ये दिलं. गाडी धावली की टायर झिजतो, तेव्हा टायर वाचवायचे तर पेट्रोल सगळीकडेच मोजून द्या. १ डिसेंबर १९४२ पासून ते देशभर लागू झालं.

प्रत्येक गाडीच्या काचेवर एक अक्षर चिकटवलेलं असे. 'ए' म्हणजे साधी घरगुती गाडी: सुरुवातीला आठवड्याला ४ गॅलन, म्हणजे सुमारे १५ लिटर. पुढे काही ठिकाणी तेही कमी झालं. 'बी' कामासाठी जास्त गाडी लागणाऱ्यांना, 'सी' डॉक्टरांसारख्यांना, 'टी' मालट्रकना. वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल, म्हणजे ५६ किलोमीटर, कारण हळू चालवलं की टायर जास्त टिकतो. एका गाडीमागे पाचच टायर ठेवायचे, जास्तीचे सरकारला विकायचे.

याचा भार घर चालवणाऱ्या बायकांवर किती पडला असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. १५ लिटरमध्ये बाजार, शाळा, दवाखाना आणि चर्च बसवायचं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकाच गाडीतून कामावर जायचं. एकट्याने गाडी चालवणारा शेजारी हिटलरला बसवून नेतोय, असं दाखवणारं सरकारी भित्तिपत्रकही १९४३ मध्ये निघालं. जून १९४२ मध्ये जुनं रबर गोळा करायची मोहीम झाली, तेव्हा पौंडाला एक सेंट भावाने रबरी नळ्या, रेनकोट, पावसाळी बूट असं जवळजवळ साडेचार लाख टन रबर जमलं. पण त्यातलं बरंचसं नव्या टायरच्या उपयोगाचं नव्हतं. खरा उपाय म्हणजे कृत्रिम रबराचे कारखाने, आणि ते उभे राहीपर्यंत आहे तेच टायर जपायचे.

आता मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. 'एक्स' नावाचंही एक कार्ड होतं. त्यावर पेट्रोलला मर्यादाच नव्हती. पूर्वेकडे रेशनिंग सुरू होताच २०० हून अधिक काँग्रेस सदस्यांनी ते घेतल्याचं बाहेर आलं आणि लोक भडकले. चार गॅलनमध्ये भागवायला लोकांची फारशी ना नव्हती. मर्यादा फक्त आपल्यालाच आहे, हे मात्र सहन होत नव्हतं. जानेवारी १९४३ मध्ये पूर्वेकडे मौजेसाठी गाडी काढायला बंदी झाली. नाट्यगृहांबाहेर आणि शर्यतीच्या मैदानांबाहेर गाड्या तपासल्या जाऊ लागल्या. ती बंदी सप्टेंबरमध्ये मागे घ्यावी लागली. खोट्या कूपनांचा काळाबाजारही चालला.

आपल्याकडे श्रावकाच्या गुणव्रतांत दिशांची मर्यादा घालून घेणं आहे. दिग्व्रत आयुष्यभरासाठी, देशव्रत ठरावीक काळापुरतं आणि आणखी आखूड: आज या गावाबाहेर नाही, या गल्लीबाहेर नाही. त्यांच्या सोबतीला अनर्थदंडव्रत, म्हणजे विनाकारण हिंसा होईल असं काही करायचं नाही. युद्धकाळातली अमेरिकन पत्रकं हा प्रवास खरंच गरजेचा आहे का असं विचारत. तो प्रश्न आपल्याला नवा नाही.

पण तत्त्वार्थसूत्रात देशव्रताचे जे अतिचार सांगितलेत, ते मला आज जास्त विचार करायला लावतात. पहिला आनयन: मर्यादेबाहेरची वस्तू मागवून घेणं. दुसरा प्रेष्यप्रयोग: स्वतः न जाता दुसऱ्याला पाठवणं. म्हणजे माझी स्कूटी दारात उभी, आणि दिवसातून तीन वेळा कोथिंबीर, दूध, चार्जर घेऊन तीन वेगवेगळी मुलं मोटरसायकलवर येतात, तर पेट्रोल वाचलं कुठे? इतक्या शतकांपूर्वी सूत्रकारांनी ही पळवाट ओळखून ठेवली होती. 'एक्स' कार्ड आणि ही पळवाट एकाच कुळातली: मर्यादा कागदावर आपली, झीज दुसऱ्याची.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे मानायला हवी. नुसत्या स्वेच्छेने अमेरिकेचे टायर वाचले नसते. १९४१ च्या उन्हाळ्यात पूर्वेकडच्या लोकांना पेट्रोल कमी वापरण्याची विनंती झाली होती, ती फारशी चालली नाही. टंचाईत सगळ्यांना सारखा वाटा मिळायचा तर कायदाच लागतो; माझ्या व्रताने शेजारणीच्या टाकीत पेट्रोल येत नाही.

कायद्याचीही एक हद्द असते. १५ ऑगस्ट १९४५ ला, जपानच्या शरणागतीपाठोपाठ, पेट्रोलचं रेशनिंग उठलं आणि लोक टाक्या गच्च भरून निघाले. बाहेरून आलेली मर्यादा बाहेरूनच गेली. स्वतः घेतलेली मर्यादा उठवायला कुणाचा हुकूम येत नाही.

या आठवड्यात जमलं तर एवढंच करून बघा: बाहेरच्या कामांची यादी एका कागदावर लिहा, आणि त्यात दारात मागवलेल्या वस्तूही आपल्याच फेऱ्या म्हणून मोजा. मग आकडा स्वतः ठरवा.