खरखर

परवा नवे हेडफोन घेतले. शनिवारी सोलापूरच्या घरी अब्दुल करीम खाँची 'पिया बिन नाही आवत चैन' ही ठुमरी तीन वेगवेगळ्या फाइलींमधून ऐकली. तासाभरानं लक्षात आलं, की मी नुसती खरखर तपासतोय, गाणं ऐकतच नाहीये!

मग या तबकडीचीच गोष्ट आठवली. एका दुकानात ती वाजायची आणि छोटा भीमसेन जोशी ऐकत उभा राहायचा. गाव गदग (हो, आपल्याकडून होटगी-विजापूरमार्गे गाडी जाते तेच). असं गाता आलं पाहिजे, या ध्यासानं १९३३ साली, अकराव्या वर्षी पोरगा घरातून पळाला आणि गुरू शोधत पार ग्वाल्हेरपर्यंत गेला.

आता बघा, त्याच्या कानावर काय पडलं असेल? लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं. सीडीवर वीस हजार हर्ट्‌झपर्यंतचा आवाज येतो. त्या काळच्या तबकडीवर पाच-सहा हजारांच्या वरचं फारसं उरतच नसे. वर सुईची खरखर. तंबोऱ्याची जवारी पुसट झाली असेल, पण खाँसाहेबांचा सूर त्यातूनही पोचला.

म्हणजे दर्जा नकोच, असं नाही. जवारी नीट ऐकू आली की मैफिलीत बसल्यासारखं वाटतं, हे खरंच. हेडफोन काही मी परत करणार नाही.

असो. रविवारी तिन्हींतली सगळ्यात जुनाट फाइल साध्या स्पीकरवर लावली. शेजारच्या यंत्रमागांची खटखट चालूच होती. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "परत लाव रे."