मनसुबा

"काय करायलास रे?" बहिणीने स्वयंपाकघरातून विचारलं. लॅपटॉपमधून मान वर न काढता भाचा म्हणाला, "मॉड करायलोय." आतून उत्तर आलं, "मटकी भिजवलीच नाही, मोड कुठून येतील?"

परभणीत वसमत रोडवरच्या त्या घरात मी पाहुणा होतो आणि हा प्रश्न मला चांगलाच लागू पडला. ऐतिहासिक डावपेचांचा संगणकी खेळ कंपनीने दिला तसाच न खेळता त्याच्या फायलींत आपली पात्रं, आपले प्रांत, आपले प्रसंग घालून हौशी खेळाडू जो नवा अवतार तयार करतात, तो मॉड. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'मोडुस' आहे, म्हणजे माप, रीत. आपलं 'मोडणे' प्राकृतातल्या 'मोडइ'वरून आलं. दोघांचं काही नातं नाही. पण शंभराची मोड घेतो, जुनी पाटली मोडून नवी घडवतो, त्याला सराफाकडे मोडच म्हणतात. भाच्याचं काम सराफाच्या जवळचं वाटलं.

त्याचा खेळ 'युरोपा युनिव्हर्सालिस'चा चौथा भाग. 2013 साली स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीने काढलेला हा खेळ 11 नोव्हेंबर 1444 या तारखेला सुरू होतो. तेव्हा आपल्याकडे बहमनी सुलतान होते. "जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण निदान खेळात तरी खरी करायची, हा त्याचा पहिला हट्ट. मी म्हटलं, त्याआधी वहीत मनसुबा लिही.

शब्द तोंडातून गेला आणि मीच थबकलो. 'मनसुबा' ऐकला की आपल्याला त्यात 'मन' दिसतं. मनात योजलेलं ते मनसुबा. ते खरं नाही. शब्द अरबी, 'मन्सूबा'. धातू न-स-ब, म्हणजे उभं करणे, मांडणे. आणि तो खास करून बुद्धिबळातला. पटावर मोजकी मोहरी मांडून द्यायची आणि इतक्या खेळ्यांत मात करून दाखवा म्हणायचं, अशा कोड्याला बगदादचे खेळाडू मन्सूबा म्हणत. दहाव्या शतकातल्या अस्-सूलीने मांडलेला एक मन्सूबा तर हजारेक वर्षं सुटला नाही म्हणतात. चतुरंग आपल्याकडून इराणात गेला, तिथून अरबांकडे 'शतरंज' झाला आणि परतताना शह, मात, वजीर, प्यादे असा सगळा फारसी-अरबी बोजा घेऊन आला. आपण खेळाचं नाव तेवढं 'बुद्धिबळ' ठेवलं. मनसुबा मात्र पटावरून उठून राजकारणात गेला आणि आता घर बांधण्याचे, मुलीच्या लग्नाचेही मनसुबे होतात. म्हणजे खेळाची योजना आखायला भाच्याला जो शब्द मी दिला तो खेळातूनच आलेला.

त्याच धातूचा 'मनसब', ज्यावरून मनसबदार. त्याच धातूचं 'नसीब': जे तुमच्या वाट्याला मांडून ठेवलंय ते. ('निसबत' यात ओढू नये, तिथला स वेगळा. अरबीत दोन स आहेत, आपल्या कानाला एकच.) मनसुबा, मनसब आणि नसीब एका घरातले निघाले म्हटल्यावर भाच्याने वहीच्या तीन पानांना तीच नावं दिली: योजना, पदं आणि अचानक घडणारे प्रसंग.

मॉडचा गाभा त्याने पाथरीला ठेवला, आणि इथे पोरगं हुशार निघालं. परभणी जिल्ह्यातली ही पाथरी म्हणजे निजामशाहीचं मूळ गाव. इतिहासकार फिरिश्त्याच्या ग्रंथात आहे ते असं: निजामशाहीच्या संस्थापकाचा बाप मलिक हसन हा मुळात तिमाभट नावाचा ब्राह्मण, बहमनी फौजेच्या हाती लागलेला. तिमाभटाच्या बापाचं नाव बहिरव. बहमनी शहजाद्याच्या तोंडी त्याचं 'बहरी' झालं. बहरी म्हणजे शिकारी ससाणा. आपण ज्याला 'बहिरी ससाणा' म्हणतो तो हाच आणि त्याला ऐकू छान येतं. नावात 'बहर', म्हणजे समुद्र, आहे.

या घराण्याचं पाथरीत कुलकर्णी वतन होतं. गाव मात्र वऱ्हाडच्या इमादशहाच्या ताब्यात. बुऱ्हाण निजामशहाने बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, इमादशहाने नाकारला, आणि 1518 साली निजामशहाने पाथरी घेतली. एका गावासाठी दोन शाह्या भिडल्या. अरबीत 'वतन' म्हणजे मायभूमी. परभणीच्या बाजारात उर्दू बोलणारा आजही त्याच अर्थाने म्हणतो. मराठीत त्याचा पिढीजात हक्क झाला, आणि पुढे जमीन, मान, भांडण. पाथरीच्या प्रकरणात दोन्ही अर्थ एकत्र आहेत.

खेळात परक्या प्रांतावर हक्क सांगायला 'क्लेम' लागतो. भाच्याने 'दावा' लिहिलं आणि इथे मला कौतुक वाटलं. 'क्लेम' लॅटिनच्या 'ओरडणे'वरून. 'दावा' अरबीच्या 'हाक मारणे'वरून. दोन्हीकडे हक्काची सुरुवात आवाज चढवण्यापासून! मराठीत दाव्याला वैराचाही अर्थ आला: दावा साधणे, दावा धरणे. गुराच्या गळ्यातलं दावं निराळं, ते संस्कृत 'दामन्'चं.

मग त्याला हुक्की आली की सगळे शब्द शुद्ध मराठी हवेत. मी रघुनाथपंत हणमंत्यांचं नाव काढलं. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून त्यांनी 'राज्यव्यवहारकोश' केला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत झाला. पदं टिकली, पण शिलेदाराला आणि बारगिराला हलवणं जमलं नाही. ते बरंच झालं. 'सिलाह' म्हणजे शस्त्र. शिलेदार आपला घोडा, आपलं हत्यार घेऊन येणारा. 'बारगीर' म्हणजे ओझं वाहणारा. त्याचा घोडा सरकारी. बारगिराचा खर्च खजिन्यावर, शिलेदाराचा भरवसा कमी. फौजेचं गणित शब्दांतच दिलेलं होतं, भाच्याने नुसते आकडे घातले.

एक बटण राहिलं. पहिल्या पडद्यावर राज्य निवडून दाबायचं ते. 'खेळा' त्याला फिकं वाटत होतं. बहीण मटकी निवडता निवडता म्हणाली, "आम्ही लपाछपीत म्हणायचो, 'राज्य घे.'" मराठी पोरांच्या खेळात ज्याच्यावर राज्य येतं त्याने डोळे मिटून उभं राहायचं, मग एकट्याने सगळ्यांमागे धावायचं, बाकीचे मजेत लपलेले. भाचा हसला आणि बटणावर टाईप केलं: राज्य घ्या.