कार्ल्याचे खांब आणि फ्रेंच भाषा

आकुर्डीच्या स्टेशनात लोणावळ्याची लोकल धरली, की मळवलीला उतरून एका अंगाला भाज्याची आणि दुसऱ्या अंगाला कार्ल्याची लेणी गाठता येतात. एकवीरेच्या दर्शनाला गेलेली आमच्याकडची मुले शेजारच्या चैत्यगृहात डोकावून येतातच. त्यांतल्या एखाद्याने घरी सांगितले, की मी कलेचा इतिहास शिकणार आणि जोडीला फ्रेंच घेणार, तर वडील म्हणतील, "अरे, कार्ल्याचा नि फ्रेंचांचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे.

संबंध आहे, तो असा. सुमारे १२४ फूट लांबीचे आणि ३७ खांबांचे हे चैत्यगृह दोन हजार वर्षांच्या घरातले. खांबांवर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी 'एपिग्राफिया इंडिका'च्या सातव्या खंडात हे लेख संपादून छापले, ते एमिल सेनार या फ्रेंच पंडिताने. त्याआधी अशोकाच्या लेखांवरचा त्याचा ग्रंथ पॅरिसला फ्रेंचमध्येच निघाला होता.

दुसरे नाव आल्फ्रेड फूशे याचे. गांधार देशातील बौद्ध शिल्पावरच्या त्याच्या मोठ्या फ्रेंच ग्रंथाचा पहिला भाग १९०५ साली आला. बुद्धाची मानवी मूर्ती प्रथम घडली ती ग्रीक वळणाच्या हातून, असे त्याचे म्हणणे. आनंद कुमारस्वामींना ते पटले नाही. १९२७ साली त्यांनी दीर्घ निबंध लिहून मथुरेच्या कारागिरांची आणि देशी यक्षमूर्तींची बाजू मांडली. प्रतिपक्षाचे म्हणणे नीट वाचल्यावाचून असे उत्तर देता येत नसते.

आता कार्ल्याकडे वळू. येथील काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले आहेत. यवन म्हणजे मुळात ग्रीक. पण त्यांची नावे पाहा, 'सिंहध्वज', 'धर्म' अशी आपल्याच वळणाची! आणि त्यांनी दान दिले त्या काळात येथे बुद्धाची मूर्ती नव्हती. पूजा होती ती स्तूपाची. दर्शनी भिंतीवरच्या बुद्धमूर्ती काही शतकांनंतरच्या. म्हणजे दाता यवन, म्हणून कला ग्रीक, असा सरळ हिशेब येथे बसत नाही. हा पुरावा आमच्या दाराशी आहे. तो मांडणाऱ्याला फूशेचे पान मात्र मुळातून वाचता आले पाहिजे. फ्रेंच शिकायची ती मान डोलवायला नव्हे, वाद घालायला!

इंग्लंडातल्या काही विद्यापीठांत हे दोन विषय मिळून एकच पदवी घेता येते. पुण्यात फ्रेंचसाठी रानडे इन्स्टिट्यूट आणि पुरातत्त्वासाठी डेक्कन कॉलेज आहे. जोड आपली आपण घालावी लागते. पोटापाण्याचा प्रश्नही खोटा नाही. लेण्यांच्या अभ्यासाला नोकऱ्या थोड्या. फ्रेंचला निदान अनुवादाचे आणि शिकवणीचे काम मिळू शकते; एक विषय दुसऱ्याला पोसतो.

शिक्षकबंधूंना एवढीच विनंती, की कार्ल्याला सहल न्याल तेव्हा मुलांना खांब मोजू द्या, आणि त्यांवरची अक्षरेही दाखवा. ती कोणी वाचली, कोणत्या भाषेत त्यांवर चर्चा झाली, हेही सांगा. एखादे मूल घरी जाऊन फ्रेंचचे नाव काढील. तेव्हा त्याला हसू नका.